ठाणे ते काझा, जानेवारीत, डिझेल गाडीने

शुक्रवार, ठाणे

जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीला, म्हणजे काझापर्यंत, गाडी घेऊन जाणार म्हटल्यावर सोसायटीत सगळ्यांनी एकच विचारलं, अगं रस्ता बंद नसतो का. नसतो. मनालीकडून कुंझुम खिंड बंद असते, पण शिमला-किन्नौरकडचा रस्ता बर्फ पडला तरी मशीन लावून काढत राहतात. डिझेलचं मात्र कुणीच विचारलं नाही, बाबा सोडून.

बाबा म्हणजे कळंबोलीला ट्रकच्या पंप-नोझलचं काम करण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस. रिटायर झाले तरी कुठली गाडी कशी आवाज करते यावर मत असतंच. त्यांनी फोनवर पहिलं वाक्य हेच टाकलं, ‘ठाण्याचं डिझेल वर नेऊ नका.’ आणि मग स्वतःच म्हणाले मी येतो. आईने सुटकेचा श्वास सोडला असणार.

तर प्रकार असा की डिझेलमध्ये मुळातच मेण असतं, पॅराफिन. ते विरघळलेलं असतं म्हणून दिसत नाही, आणि ते वाईटही नाही, उलट त्यानेच डिझेल नीट पेट घेतं. थंडी वाढली की हे मेण बारीक कणांनी बाहेर यायला लागतं, आधी डिझेल धूसर होतं, मग ते कण फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात आणि शेवटी सगळंच घट्ट होतं. गंमत म्हणजे गाडी बंद पडते ती मधल्या पायरीवर, म्हणजे टाकीत डिझेल अजून हलतंय पण फिल्टर तुंबलाय. खोबरेल तेलाची बाटली थंडीत आधी पांढुरकी होते मग थिजते, तसंच, फक्त इथे बाटली उन्हात ठेवून भागत नाही.

आपल्याकडे डिझेलचं स्टँडर्ड आहे आयएस १४६०, त्यात फिल्टर तुंबण्याचं तापमान उन्हाळ्यात जास्तीत जास्त १८ डिग्री आणि हिवाळ्यात ६ डिग्री चालतं. परत वाचा. अधिक सहा. प्रत्यक्षात डिझेल त्याहून बरं निघू शकतं पण गॅरंटी तेवढीच, आणि काझाला रात्री उणे वीसच्या खाली जातं.

बाबांनी शुक्रवारी दुपारी येऊन डिझेल फिल्टर बदलला, त्याच्या तळाशी पाणी साठतं ते काढलं (पाणी थंडीत गोठतं, ते वेगळंच झंझट), आणि रेडिएटर बघून माझ्या नवऱ्याकडे असं बघितलं की बास. ठाण्यात आपण कमी झालं की नळाचं पाणी ओततो ना. सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, ते साधारण उणे ३५ पर्यंत धरतं. बॅटरी लोड टेस्टरवर लावून बघितली, कारण कडक थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमधलं इंजिन फिरवायचं असतं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, ५डब्ल्यू-३०. वायपरच्या टाकीतलं साधं पाणी पण काढून टाकलं.

आणि मग त्यांनी जुन्या फिल्टरच्या तळाच्या स्क्रूमधून औषधाच्या काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून घेतलं, बूच घट्ट लावलं, वर चिकटपट्टीवर पेनने ‘ठाणे’ लिहिलं. विचारलं तर म्हणे बघू काय होतं.

शनिवार, ठाणे ते उदयपूर

पहाटे चारला निघालो तरी घोडबंदर रोडला गायमुखला ट्रक होतेच, त्यांना काही वेळकाळ नसतो. ऐरोलीचा मामेभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी त्यांची नवी गाडी घेऊन फाउंटन हॉटेलपाशी भेटले. आमची जुनी बीएस-फोर, त्यांची बीएस-सिक्स (धुराच्या प्रदूषणाचे जुने-नवे सरकारी नियम), त्यात ते ॲडब्लूचं प्रकरण, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी. दादाने निघतानाच टाकी काठोकाठ भरली होती, बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले चंदीगडपर्यंत संपव.

सुरत, बडोदा, अहमदाबाद, हिंमतनगर, शामळाजी. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गुळपोळ्या दुपारीच संपल्या. उदयपूरला रात्री पोचलो, तलाव बघायचं त्राण नव्हतं.

रविवार, उदयपूर ते जयपूर

छोटा दिवस. जयपूरला कचोरी खाल्ली. इथे बाबांचा हिशोब सुरू झाला: पिंजोरला पोचताना काटा रिझर्व्हच्या जरा वर हवा, म्हणून जयपूरला हातात वही घेऊन मोजून तेवढंच डिझेल भरलं. पंपावरचा मुलगा फुल का म्हणून विचारत राहिला, त्याला काय सांगणार.

सोमवार, जयपूर ते पिंजोर

नारनौलहून तो नवा १५२डी एक्सप्रेसवे घेतला, सरळसोट, दोन्हीकडे मोहरी आणि सकाळभर धुकं. पानिपत उजव्या हाताला लांब राहिलं आणि अर्थातच नवऱ्याने १७६१ काढलं, संक्रांतीच्या थंडीत उपाशी पोटी आपली माणसं कशी उभी राहिली असतील वगैरे. गाडीत हीटर लावून. बाबा म्हणाले आता पानिपतमधून थंडीवरचा उपाय निघतो. खरंच आहे, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं ते पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. तोपर्यंत लेहवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळून भागवायचे.

पिंजोरला मुक्काम. इथे खरं काम. टाकी जवळपास रिकामी, आधी त्यात अँटी-जेल, म्हणजे डिझेल थिजून तुंबू नये म्हणून घालायचं औषध, ओतलं बाटलीवर लिहिलेल्या मापाने, मग वरून डिझेल फुल, म्हणजे पडताना आपोआप मिसळतं. हे इथेच का, तर इथे अजून डिझेल स्वच्छ आहे. हे औषध मेण तयार होणं थांबवत नाही, तयार होताना कण मोठे होऊ देत नाही, म्हणजे ते फिल्टरच्या कागदातून निघून जातात. एकदा मेण बसलं की वरून कितीही ओता, त्या बसलेल्या मेणाचं ते काही करत नाही. लोक वर जाऊन गाडी बंद पडल्यावर ओततात आणि मग औषधाला शिव्या घालतात.

दादाच्या टाकीत मात्र अजून पाव टाकीच्या वर शिल्लक होतं, गुजरातमध्ये पुन्हा टॉप-अप केला होता त्याने, सवय. बाबांनी त्याच्या औषधाचं माप तेवढं वाढवलं नाही, कारण बाटलीवर जास्तीत जास्त किती ते पण लिहिलेलं असतं आणि जास्त ओतलं की जास्त चालतं असं नसतं.

आता बाटल्या तीन झाल्या. ‘ठाणे’, ‘पिंजोर’, आणि ‘पिंजोर + दवा’.

मंगळवार, पिंजोर ते नारकंडा

शिमल्याच्या ट्रॅफिकबद्दल घोडबंदरवाल्यांनी तक्रार करू नये. ढली सोडलं की मोकळं. नारकंडा २,७०० मीटरवर, रस्त्याच्या सावलीतल्या वळणांवर काळं बर्फ, म्हणजे डांबर दिसतं पण ते बर्फच असतं, तिथे दादाची गाडी एकदा हळूच तिरकी झाली आणि वहिनी पुढचा तासभर बोलली नाही.

रात्री बाबांनी तीनही बाटल्या आणि एक थर्मामीटर हॉटेलच्या गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधले. सकाळी उणे चार. ‘ठाणे’ दुधी झालेलं, पलीकडचं झाड दिसत नव्हतं त्यातून. ‘पिंजोर’ पण धूसर, जरा कमी. आणि ‘दवा’वाली बाटलीसुद्धा धूसर! मी म्हटलं पैसे पाण्यात. बाबांनी काही न बोलता तिन्ही आडव्या केल्या. ‘ठाणे’मध्ये तळाला साय बसल्यासारखा थर होता तो जागचा हलेना, ‘दवा’वालं सुर्रकन इकडून तिकडे गेलं. धूसर होणं वेगळं आणि तुंबणं वेगळं हे मला त्या दिवशी कळलं.

बुधवार, नारकंडा ते कल्पा

सतलजच्या काठाने रामपूर, टापरी, पोवारी. रामपूरला चक्क ऊन, स्वेटर काढले. पोवारीला परत टाकी फुल आणि त्या मापाने औषध. फुल ठेवायचं कारण दोन: रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ थंडीत आतल्या पत्र्यावर पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते, आणि भरलेली टाकी गार व्हायला वेळ लागतो.

पंपाशेजारच्या टपरीवर एक ट्रकवाला सरदारजी बाबांशी गप्पा मारत बसला, त्याचा सल्ला असा की मिट्टी का तेल डालो, सब ठीक. जुन्या गाड्यांत लोक हेच करायचे आणि चालायचं, कारण रॉकेलमध्ये ते मेण फारसं नसतं, डिझेल पातळ राहतं. पण आताच्या कॉमन रेल इंजिनांमध्ये, म्हणजे जिथे डिझेल फार मोठ्या दाबाने आत सोडतात, हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण, आणि रॉकेल कोरडं. पंप आतून खरवडला की त्याचा चुरा सरळ इंजेक्टरमध्ये. बाबा म्हणाले असे पंप किती उघडलेत मी, आत चमचम करत असतं. शिवाय बीएस-सिक्स डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएम, रॉकेलमध्ये त्याच्या कितीतरी पट, ते सायलेन्सरमधल्या फिल्टरची आणि कॅटॅलिस्टची वाट लावतं. आणि पेट्रोल मिसळायचं तर नावच काढू नका, ते उणे चाळिसातही पेट घेणारी वाफ सोडतं, डिझेलची टाकी त्यासाठी बनवलेली नसते.

कल्पाला संध्याकाळी किन्नर कैलास गुलाबी झाला होता, दहा मिनिटं. फोटो सगळ्यांचे सारखेच आलेत.

गुरुवार, कल्पा ते ताबो

खाबला सतलज आणि स्पिती भेटतात, तिथून पुढे डोंगरांचा रंगच बदलतो, झाड नाही काही नाही. नाकोच्या चढावर नदी खाली दोरीएवढी दिसते. मलिंगच्या नाल्यात दगड पडत होते म्हणून जरा थांबलो, मग एकेक गाडी सोडली.

ताबोचा गोंपा (बौद्ध मठ) ९९६ सालचा, बाहेरून मातीचा साधा, आत भिंतभर चित्रं. दिवा नाही, टॉर्चने बघायचं, आणि फोटो काढायचे नाहीत, जे बरंच आहे.

संध्याकाळी गाडी लावायची पद्धत बाबांनी सगळ्यांना दोनदा सांगितली: तोंड पूर्वेला, वाऱ्याच्या बाजूला भिंत, हँडब्रेक नाही. ओले ब्रेक रात्रीत गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड. वाऱ्याने इंजिन हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण फार लवकर गार होतं, म्हणून आडोसा. बॉनेट गरम असतानाच वरून गोधडी आणि तिच्यावर ताडपत्री. गोधडी आजीच्या हातची होती, पण आई सोबत नव्हती.

शुक्रवार, ताबो ते काझा

छोटा पल्ला, नदीच्या कडांना बर्फाचे तक्ते, मध्ये हिरवं पाणी. काझाला इंडियन ऑइलच्या पंपावर जगातला सगळ्यात उंच पंप म्हणून पाटी आहे, ३,७४० मीटर. सगळे पाटीसमोर फोटो काढतात, आम्हीही काढला, पण काम पंपाशी होतं. तिथला मुलगा दादाला म्हणाला, ‘नीचे का भर के मत रखो भैया, यहाँ का डालो.’ बाबा एवढे खूश झाले की त्याला चिक्की दिली.

दादाला मात्र ॲडब्लूचं टेन्शन. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी पाणी, उणे अकराला गोठतं. म्हणजे रात्री गोठणारच. वहिनी म्हणाली मग गरम पाणी घालूया. नको! काहीच घालायचं नाही. गाडीला हे माहीत असतं, टाकीत हीटर असतो, इंजिन सुरू होतं आणि ते मागाहून वितळतं. फक्त ती टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, गोठताना फुगतं.

होमस्टेत बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीभोवती, सगळे एका खोलीत. नळ कोरडे, बादलीतल्या पाण्यावर सकाळपर्यंत झाकण तयार होतं.

शनिवार, काझा

रात्रीचं कमीत कमी उणे बावीस. बाटल्या: ‘ठाणे’ उलटी केली तरी खाली पडेना. ‘पिंजोर’ही तसंच, मध्ये जरासं हललं. ‘दवा’वालं घट्ट झालं होतं, सावकाश पण सरकत होतं. ते बघून मला आमच्या गाडीची काळजी वाटली, पण बाबा म्हणाले टाकीत आता काझाचं आहे आणि आपण नवापर्यंत चावीला हातही लावणार नाही.

तेवढ्यात साडेसातला पलीकडच्या आवारातून स्टार्टरचा आवाज. दिल्ली पासिंगची मिनीबस, पर्यटक सामान बांधून उभे. गाडी सुरू झाली, दोन मिनिटं चालली, आचके दिले आणि बंद. परत सुरू, परत बंद. बाबा शाल गुंडाळून निघालेच. त्यांचं म्हणणं, सुरू होऊन बंद पडते म्हणजे बॅटरी नाही, डिझेल. पंपात आणि पाइपात होतं तेवढ्यावर चालली, पुढचं फिल्टरमधून येईना. ड्रायव्हर म्हणत होता ग्लो प्लग गेला असेल. ग्लो प्लग सिलिंडरच्या आतली हवा तापवतो, टाकी-फिल्टरशी त्याचा काही संबंध नाही.

आणि क्लीनर पोरगा टाकीखाली चिंध्या आणि काटक्या रचत होता. हातात माचिस. या भागात हे वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणे. बाबांचा आवाज मी इतक्या वर्षांत एवढा चढलेला ऐकला नव्हता, हिंदी-मराठी सगळं एक झालं, ‘अरे वो प्लास्टिक का पाइप है, बाजूला हो आधी!’ पोरगा बाजूला झाला.

मग होमस्टेच्या भाभीकडून मोठं पातेलंभर गरम पाणी. उकळतं नाही, हात बुडवता येईल इतपत, कारण गारठलेल्या प्लास्टिकवर आणि रबरवर उकळतं पाणी पडलं की तडा. फिल्टर काढून पिशवीत बांधून बादलीत बुडवला, पाइपांवर गोणपाट गुंडाळून वरून थोडं थोडं पाणी. बाबांनी फिल्टर बाहेर काढून मला आत बोट लावायला सांगितलं, कागदाच्या घड्यांमध्ये पिवळट चिकट लेप, बोटांच्या उबेने लगेच पातळ व्हायचा. बाकी पाणी सांडून जिथे पडलं तिथे पाच मिनिटांत काच, दोन जण आपटले.

दहाच्या सुमारास आवारात ऊन आलं, त्याशिवाय टाकीतलं काही सुटणार नव्हतं. फिल्टर बसवला, हाताच्या पंपाने एअर काढली, बुडबुडे जाईपर्यंत पंपिंग, आणि साडेअकराला सुरू झाली ती राहिली. एकदा चालू राहिली की इंजिनकडून परत जाणारं गरम डिझेल टाकीलाच ऊब देतं. ड्रायव्हरने सांगितलं टाकी त्याने दिल्लीतच भरली होती, आणि पोवारीला थोडीच टाकली. बाबांनी दादाकडे बघितलं. दादा बर्फाकडे.

आमच्या दोन्ही? सव्वानऊला ऊन बॉनेटवर आलं, गोधड्या काढल्या, क्लच दाबून, ग्लोचा दिवा दोनदा जाऊ देऊन, ॲक्सिलरेटरला पाय न लावता चावी. आमची दुसऱ्या फेऱ्यात, दादाची जरा खोकली, पांढरा धूर सोडला आणि लागली. रात्रभर इंजिन चालूच ठेवायचं असं काहीजण करतात, पण डिझेल जातं, बीएस-सिक्सचा फिल्टर काजळीने भरतो आणि भिंतीलगत झोपलेल्यांच्या खोलीत धूर शिरतो. त्यापेक्षा उशिरा उठलेलं काय वाईट.

दुपारी की गोंपा आणि चिचमचा पूल. पुलावरून खाली बघितलं नाही मी, खोटं कशाला बोलू.

परत

आलो त्याच रस्त्याने, फार लिहीत नाही. परतताना वाटेत टाकी हवी तिथे हवी तशी भरली, खाली येताना त्याचं काही नसतं. सुरतच्या पुढे परत काचा खाली.

ठाण्यात आल्यावर बाबांनी डिझेल फिल्टर पुन्हा बदलला, नवा होता तरी. जुना घेऊन कळंबोलीला गेले आणि गॅलरीत बसून हॅक्सॉने कापला. मेण दिसेल म्हणून मी पण व्हिडिओ कॉलवर. काही नाही, काळपट कागद आणि तळाला चमचाभर पाणी. ‘मेण कुठलं आता,’ म्हणाले, ‘ते रामपूरलाच परत डिझेल झालं.’ मागून आईचा आवाज येत होता, गॅलरीत तुळशीजवळ डिझेल सांडलंय ते कोण पुसणार आणि ती आजीची गोधडी आत आणायची नाही, वास येतोय.